शंकासुराचं पान: मेरियनबाईंच्या सुरिनाम-ग्रंथाची मोठी प्रत, आठ महिन्यांनंतर

पुस्तक घरी आलं तेव्हा कपाटाच्या एकाही कप्प्यात उभं राहीना. उंची अर्ध्या मीटरच्या आसपास, आणि उघडलं की जेवणाच्या टेबलाची एक बाजू पूर्ण व्यापतं. शेवटी ड्रॉइंग बोर्ड ठेवते त्या फळीवर, खाली जुनी सुती चादर घालून, आडवं ठेवलं. गेले आठ महिने ते जवळजवळ रोज उघडते आहे. त्याच्याबद्दल लिहायला एवढा सहवास पुरे व्हावा.

हे पुस्तक म्हणजे चित्रकार आणि कीटकांच्या अभ्यासक मारिया सिबिला मेरियन यांच्या 'मेटामॉर्फोसिस इन्सेक्टोरम सुरिनामेन्सियम' (सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीतल्या कीटकांची रूपांतरं) या १७०५ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये निघालेल्या ग्रंथाची मूळ आकारातली हुबेहूब प्रत. साठ चित्रं, प्रत्येक चित्राबरोबर मेरियनबाईंनी स्वतः लिहिलेला मजकूर, आणि या आवृत्तीत शेवटी त्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. अळ्या पाळायचा नाद त्याच्याही आधीचा: कढीपत्त्यावरच्या, लिंबावरच्या, रुईवरच्या. हे दोन्ही नाद एकाच माणसात इतक्या ताकदीने एकत्र आलेले मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत, म्हणून या खरेदीसाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. सहा वर्षांपूर्वी मी याच चित्रांचं एक छोटं, स्वस्त पुस्तक घेतलं होतं. निवडक चित्रं, चकचकीत कागद, आणि प्रत्येक चित्राखाली झाडाचं आणि कीटकाचं नाव, बस्स. मेरियनबाईंचा मजकूर त्यात एक ओळही नव्हता. चित्रं कडेने कापली होती. एका पानावर तर अळीची शेपटीकडची बाजूच पानाबाहेर गेली होती. त्या पुस्तकातून मी बाईंना 'फुलं आणि फुलपाखरं सुंदर काढणाऱ्या चित्रकार' म्हणून ओळखत राहिले, आणि शाळेत मुलांनाही तसंच सांगितलं. ते चुकीचं सांगितलं याची आता चुटपुट लागते.

कारण मोठ्या प्रतीतलं पंचेचाळिसावं चित्र. त्यावर आपला शंकासूर आहे. तोच, कुंपणाला लावतात तो, लाल-पिवळी कुरळ्या कडेची फुलं आणि बाहेर आलेले लांब केसर. छोट्या पुस्तकात हे चित्र होतं आणि मला ते फार आवडायचं, कारण ओळखीचं झाड. देठावर जाड हिरवी अळी, खाली कोष, वर राखाडी पतंग. या प्रतीत पहिल्यांदा त्याचा मजकूर वाचला. मेरियनबाई लिहितात की या झाडाचं बी बाळंतपणाच्या कळा लवकर याव्यात म्हणून बायका घेतात. आणि पुढे लिहितात की डच मालकांकडे गुलाम असलेल्या, हाल सोसणाऱ्या 'इंडियन', म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, बायका याच बियांनी गर्भ पाडतात, आपली मुलं आपल्यासारखी गुलाम होऊ नयेत म्हणून. आफ्रिकेतल्या गिनी आणि अंगोलातून आणलेल्या काळ्या गुलामांना तरी माणुसकीने वागवायला हवं, नाहीतर त्यांना मूलच नको असतं. काही जण तर जीव देतात, कारण मेल्यावर आपण आपल्या देशात स्वतंत्र माणूस म्हणून पुन्हा जन्मू असं त्यांना वाटतं. आणि शेवटी: हे मला त्यांनी स्वतः सांगितलं.

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ दुसरं काही केलं नाही. सहा वर्षं जे चित्र मी पाहत होते, ते मी अर्धंच पाहत होते. म्हणून या परीक्षणात मला सांगायचं आहे ते हेच: मेरियन घ्यायची तर मजकुरासकट घ्या. सुटी चित्रं चौकटीत घालून भिंतीवर लावायला मिळतात, ती शोभतातही, पण त्यांच्यात अर्धी बाई गायब असते.

बाईंचं आयुष्य प्रस्तावनेत थोडक्यात आलंय आणि तो भाग बरा जमलाय. जन्म १६४७ चा, फ्रँकफर्टचा. वडील माथेउस मेरियन नावाजलेले कोरीवकामगार आणि प्रकाशक, पण ती तीन वर्षांची असताना ते गेले. सावत्र वडील याकोब मारेल फुलांची चित्रं काढणारे. चित्रकला त्यांच्याकडूनच आली. तेरा वर्षांची असताना तिने रेशमाचे किडे पाळायला घेतले आणि मग बाकीच्या अळ्याही. त्या काळी बहुतेक लोकांना किडे चिखलातून, कुजलेल्या मांसातून आपोआप निपजतात असंच वाटायचं. इटलीत फ्रान्चेस्को रेदी यांनी हा समज खोडून काढणारे मांसावरच्या माश्यांचे प्रयोग छापले ते १६६८ मध्ये. ही मुलगी त्याच्या आठ वर्षं आधी घरात रेशमाच्या किड्यांची अंडी, अळी, कोष आणि पतंग हे चक्र डोळ्यांनी बघत होती.

लग्नानंतर न्यूरेंबर्गमध्ये त्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायच्या. तिथेच १६७९ मध्ये युरोपातल्या अळ्यांवरचं त्यांचं पहिलं पुस्तक निघालं, पन्नास चित्रांचं, आणि चार वर्षांनी दुसरा भाग. प्रत्येक चित्रात एक झाड, आणि त्या झाडावर जगणाऱ्या किड्याच्या सगळ्या अवस्था. आज आपल्याला हे इतकं साहजिक वाटतं की त्यात नवं काय, असं कुणी विचारेल. नवं हे की त्याआधीच्या पुस्तकांत कीटक बहुधा ओळीने मांडलेले असत, टाचणी मारल्यासारखे, पांढऱ्या कागदावर, झाडाविना. अळी काय खाते हे कळल्याशिवाय अळी पाळता येत नाही. ज्याने एकदा तरी बरणीत अळी ठेवली आहे त्याला हे ठाऊक असतं. चुकीचं पान दिलंत तर ती पान सोडून बरणीच्या काचेवर फिरत राहते आणि दोन दिवसांत सुकून जाते. मेरियनबाईंच्या चित्रातलं झाड तिथे का आहे, हे पाळणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

पुढे १६८५ मध्ये नवऱ्याला सोडून, आई आणि दोन्ही मुलींना घेऊन त्या फ्रिसलंडमधल्या एका धर्मपंथाच्या वसाहतीत राहिल्या, आणि १६९१ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आल्या. तिथल्या श्रीमंतांच्या संग्रहांत त्यांनी पूर्व आणि पश्चिमेकडून आणलेले कीटक पाहिले. पाहिले, पण त्यांना ते पुरेना. कारण ते मेलेले होते. अळी कुठली, कोष कसा, खाणं काय, काहीच कळत नव्हतं. म्हणून १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली २५५ चित्रं विकायला काढून, मृत्युपत्र करून ठेवून, धाकट्या मुलीला, डोरोथेआला, बरोबर घेऊन त्या जहाजाने सुरिनामला गेल्या. कुणा राजाने पाठवलं नव्हतं, कुठल्या कंपनीच्या कामावर नव्हत्या. स्वतःचा खर्च.

तिथे दोन वर्षं. पाच वर्षं राहायचा बेत होता असं म्हणतात, पण ताप आणि उष्मा सोसेना, १७०१ मध्ये परतल्या. तिथल्या मळेवाल्यांना साखरेपलीकडे काही दिसत नाही आणि साखरेखेरीज दुसरं काही शोधते म्हणून ते आपली थट्टा करतात, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जंगल इतकं काटेरी की वाट करायला पुढे कुऱ्हाडी घेऊन गुलाम पाठवावे लागत, हेही लिहिलंय. इथे मला थांबावंसं वाटतं. शंकासुराच्या पानावर ज्यांचं दुःख त्यांनी लिहिलं, त्यांच्याच कष्टावर त्यांचंही काम चाललं होतं. अळ्या आणून देणारे, मुळासकट झाड उपटून बागेत लावणारे, कुठली अळी कशावर असते हे सांगणारे लोक पुस्तकभर येतात, पण नावाने कुणी येत नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्याने यावर दोन ओळी लिहून विषय आवरता घेतलाय. निदान दोन पानं हवी होती.

आता चित्रांची छपाई, कारण पैसे मुख्यतः त्याचे आहेत.

कागद जाड, चकाकी नसलेला, किंचित पिवळसर. रेषा स्पष्ट. मूळ चित्रं ताम्रपटावर कोरून छापलेली आणि मग हाताने रंगवलेली. कोरलेली रेषा आणि वरचा जलरंग वेगवेगळे दिसावेत एवढी छपाई बारीक आहे. भिंग घेऊन बसलात तर पानाच्या शिरेवर रंग कुठे रेषेबाहेर गेलाय तेही दिसतं, आणि मला ते फार जवळचं वाटतं, कारण तिथे कुणाचा तरी हात थरथरलाय. हाताने रंगवल्यामुळे जुन्या प्रतींपैकी कुठल्याही दोन अगदी सारख्या नाहीत. ही छपाई त्यांच्यातल्या एका प्रतीवरून केली आहे. म्हणजे 'मेरियनचा खरा रंग हाच' असं धरून चालू नये. दुसऱ्या प्रतीत हेच डाळिंब जास्त लाल असू शकेल.

एक रंग मात्र छपाईत येतच नाही, आणि त्यात प्रकाशकाचा दोष नाही. नवव्या चित्रात डाळिंबाच्या फांदीवर मॉर्फो नावाचं फुलपाखरू आहे, ते मोठं निळं. मॉर्फोच्या पंखात निळा रंगद्रव्य म्हणून नसतोच. पंखावरच्या खवल्यांची रचना इतकी सूक्ष्म असते की प्रकाश परावर्तित होताना निळाच तेवढा उजळून येतो, आणि पंख हलला की तो निळाही हलतो. कागदावरचा निळा जिथल्या तिथे बसून राहतो. मेरियनबाईंनाही हे जाणवलं होतं. भिंगातून तो पंख निळ्या कौलांनी शाकारलेल्या छपरासारखा दिसतो, ओळीने, नीट रचलेला, आणि त्याची झळाळी रंगवून दाखवता येत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. मला ते कौलांचं वर्णन वाचून इतका आनंद झाला की त्याच दिवशी जपून ठेवलेल्या एका मेलेल्या फुलपाखराच्या पंखाचा तुकडा भिंगाखाली धरला. कौलंच. एकावर एक, खालची ओळ वरच्या ओळीखाली सरकवलेली, अगदी कौलारू घरासारखी.

पहिलं चित्र अननसाचं, आणि त्याच्या आजूबाजूला झुरळं. अननसाच्या चवीबद्दल त्या लिहितात की द्राक्षं, जर्दाळू, लाल करवंदासारखी बेरी, सफरचंद आणि नासपती हे सगळं एकदम तोंडात आल्यासारखं वाटतं. चित्रकाराने चव लिहावी, हे मला फार पटलं. पेरू आहे, काजू आहे, पपई आहे. आपल्या परसातली निम्मी झाडं तिकडून आली, हे शाळेत शिकवताना मी नुसतं सांगायचे. इथे ती तिकडच्या अळ्यांसकट भेटतात.

अठरावं चित्र सगळ्यांत प्रसिद्ध: पेरूच्या फांदीवर पान कापणाऱ्या मुंग्या, मोठे केसाळ कोळी, आणि त्यांतल्या एकाने धरलेला हमिंगबर्ड. एकोणिसाव्या शतकात यावरून बाईंना खोटं ठरवलं गेलं. सुरिनाम कधी न पाहिलेल्या लोकांनीही त्यांच्यावर टीका केली. मग हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात मोठ्या कोळ्याने पक्षी मारलेले स्वतः पाहिले आणि १८६३ मध्ये तसं छापलं, तेव्हा तोंडं बंद झाली. पण चुका नाहीत असं नाही. त्याच चित्रात हमिंगबर्डच्या घरट्यात चार अंडी आहेत, ती असतात दोन. काही ठिकाणी अळी एकाची आणि फुलपाखरू दुसऱ्याचं असं झालंय. एकोणपन्नासाव्या चित्रातला कंदीलकिडा रात्री इतका उजेड पाडतो की वर्तमानपत्र वाचता येईल, असं त्यांनी लिहिलंय. तो उजेड पाडत नाही. या आवृत्तीत अशा ठिकाणी खाली छोटी टीप दिली आहे, आणि टीपा खाष्ट स्वरात नाहीत. हे मला आवडलं. दोन वर्षांत, तापाने फणफणत, परक्या देशात एवढं काम करणाऱ्या माणसाची चूक दाखवताना आवाज खालीच ठेवायला हवा. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने पुढे प्राण्यांना शास्त्रीय नावं दिली तेव्हा कितीतरी ठिकाणी याच चित्रांचा आधार घेतला, हेही त्या टीपांत येतं.

आता उणिवा.

पहिली प्रत आली ती कोपरा चेपलेली. एवढं जड पुस्तक एका पातळ खोक्यात, कोपऱ्यांना काहीही न लावता पाठवलं होतं. विक्रेत्याने तीन आठवड्यांनी बदलून दिलं, त्याआधी मला सात मेल करावे लागले. मागवताना कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावायला आधीच सांगा.

दुसरं, आणि हे जास्त लागतं: भाषांतर शेवटी आहे. चित्राबरोबरचा मूळ मजकूर डचमध्ये, आणि तो मला वाचता येत नाही. म्हणजे पंचेचाळिसावं चित्र बघायचं, मग हे अवजड पुस्तक शेवटाकडे उलटायचं, परत मागे यायचं. मजकूर आणि चित्र एकत्र असणं हाच ज्या ग्रंथाचा प्राण, त्यात वाचकाची अशी ओढाताण व्हायला नको होती. भाषांतराची वेगळी पुस्तिका दिली असती तर मांडीवर धरता आली असती. मी साठही उतारे मराठीत लिहून काढायला घेतले आहेत, एकेका कागदावर, आणि ते त्या त्या चित्रात सारते. बावीस झाले.

बांधणी शिवलेली आहे, चिकटवलेली नाही. पान सपाट उघडतं आणि आठ महिन्यांत एकही दोरा सैल झालेला नाही. सूची मात्र फक्त लॅटिन नावांची. 'शंकासूर कुठल्या पानावर' हे शोधायला मलाच यादी करावी लागली.

आणि घेताना पाहा की कुठल्या आवृत्तीची प्रत आहे. बाई १७१७ मध्ये गेल्या. त्यानंतर १७१९ च्या आवृत्तीत बारा चित्रं वाढवली गेली, आणि ती बाईंनी स्वतः सिद्ध केलेल्या पुस्तकाचा भाग नव्हती. मला १७०५ चीच हवी होती. साठ चित्रांची म्हणजे ती, बहात्तरांची म्हणजे नंतरची.

किंमत जास्त आहे, लपवत नाही. नुसतं दिवाणखान्यात ठेवायला असेल तर घेऊ नका. शाळेच्या ग्रंथालयाला, किंवा चार-पाच मैत्रिणींनी मिळून, जरूर घ्या. आमच्याकडे ते आता तीन घरांत फिरणार आहे, प्रत्येक घरी महिनाभर.

गेल्या महिन्यात कढीपत्त्यावर बहुरूपीची अळी मिळाली. आधी चिमणीच्या शिटेसारखी, मग हिरवीगार, हात लावला की डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडणारी. कोष छान झाला. बारा दिवस वाट पाहिली, फुलपाखरू निघेना. तेराव्या दिवशी कोषाच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखं एक भोक दिसलं, आणि बरणीच्या झाकणाच्या जाळीवर तीळभर लांबीच्या, चमकदार हिरवट गांधीलमाश्या, मोजल्या तेव्हा एकसष्ट. पूर्वी असं झालं की मी बरणी धुऊन टाकायचे आणि दिवसभर हळहळायचे. मेरियनबाईंच्या अळ्यांच्या कोषातूनही असे परके किडे निघायचे. त्यांनी ते टाकून दिले नाहीत, काढले आणि लिहून ठेवले. मी पेन्सिल घेतली. रिकामा कोष, ते भोक, कढीपत्त्याची डहाळी, आणि शेजारी एक माशी भिंगातून मोठी करून. खाली तारीख घातली आणि आकडा लिहिला.